फेरे मोजले, पाण्याचे काय?

दोन टबांची जुनी वॉशिंग मशीन जमवून त्यांची तुलना करण्याचा छंद चांगला आहे. तुलनेची रूढ रीत मात्र आम्हांला सदोष वाटते. ड्रायर मिनिटाला किती फेरे घेतो, एवढ्यावरच यंत्रांचा क्रम लावला जातो. वास्तविक कपड्यांतील पाणी काढणारे त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि टबाच्या त्रिज्येच्याही प्रमाणात असते. १२ सें.मी. त्रिज्येचा टब १३०० फेऱ्यांना गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२७ पट त्वरण देतो, २४ सें.मी. त्रिज्येचा टब १००० फेऱ्यांनाच सुमारे २६८ पट देतो.

दुसरी उणीव पाण्याची. चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनची अशी यंत्रे १९९० च्या दशकात मराठवाड्यात विकली जात. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात या प्रकाराचा खरा गुण असा, की नळाला दाब नसला तरी यंत्र बादलीने भरता येते आणि साबणाचे पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येते. तुलनेच्या तक्त्यात या गुणाला रकानाच नसतो!

तो रकाना विद्यार्थ्यांनी भरावा. दर खेपेला लागलेल्या बादल्या मोजाव्यात. कपडे कोरडे असताना, ड्रायरमध्ये घालण्यापूर्वी आणि काढल्यावर तोलावेत. मग यंत्रांचा क्रम पुन्हा लावून पाहावा.