चौखंडीचे आकाश

बीदरहून अष्टूरच्या वाटेला लागले की चौखंडी दिसते. नावात ‘चौ’, आणि डोळ्यांपुढे मात्र दुमजली अष्टकोनी भिंत! घोटाळा सुटतो तो पायऱ्या चढून आत गेल्यावर. अष्टकोनाच्या पोटात घुमटाची चौरस इमारत वेगळी उभी आहे आणि दोहोंच्या मध्ये छप्परच नाही. अंधाराची तयारी ठेवून शिरलेला माणूस पुन्हा उघड्यावर येतो.

किरमानचे सूफी शाह नियामतुल्लाह १४३१ मध्ये वारले. पुढे त्यांचे पुत्र खलीलुल्लाह बहमनी राजधानीत आले. त्यांची व त्यांच्या कुळाची ही विश्रांतीची जागा. दारावरचे अक्षर शिराजच्या मुगीसचे, डौलदार आणि तरीही करारी. रंगीत झिलईच्या फरशा बहुतेक गळाल्या, म्हणून जाणकार हळहळतात. मला तितके वाईट वाटत नाही. ती झिलई मायदेशाची आठवण होती. दाराभोवतीचा घोटीव काळा दगड मात्र इथे मुक्काम करायला आलेल्यांचा वाटतो. बाहेरची भिंत जराशी बोजड आहे, जवळ गेल्यावर घुमट तिच्याआड दडतो, हे कबूल. पण ती नसती तर आतले आकाशही नसते.

मुलांना घेऊन गेलात तर आधी बाहेरचे कोन मोजायला लावा, मग आतले.