उत्खननाची आखणी : उपग्रहयंत्र आणि संगणकीय आरेखन

एखाद्या पत्रावर चंद्र व महिना स्पष्ट असावा, परंतु वर्ष राजशकाचें, फसलीचें कीं शुहूर सनाचें याचा मागमूस नसावा, असा कागद हातीं आला म्हणजे संशोधकास काय क्लेश पडतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. अलीकडे उत्खननांचे जे वृत्तांत आमच्या पाहण्यांत येतात, त्यांतील कित्येकांच्या नकाशांची हीच अवस्था आहे. चराच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश सेकंदाच्या शतांशापर्यंत दिलेले असतात. ते कोणत्या आधारावर काढले, याविषयीं मात्र एक अक्षर नसतें. या उणिवेचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पूर्वीं आखणी म्हणजे खुंट्या, सुतळी, फीत व ओळंबा. तीन, चार व पांच या मापांचा त्रिकोण धरून काटकोन साधावयाचा आणि त्यावर चौकोनांचें जाळें पसरावयाचें. १९४४ सालीं मॉर्टिमर व्हीलर हे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले व त्याच वर्षीं त्यांनीं तक्षशिला येथें शिक्षणवर्ग चालविला. दोन चौकोनांमध्यें मातीची पट्टी न खोदतां राखण्याची शिस्त आपल्याकडील खोदकामांत रुजली ती तेव्हांपासून. या रीतीचें वैगुण्य एकच, व तें म्हणजे खुंटी. पावसाळा गेला, शेत नांगरलें, कीं खुंटी गेली. घोड नदीकाठच्या इनामगांवीं १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम काम चालून शंभरावर घरांचे अवशेष उघडे झाले. इतकीं वर्षें एकच जाळें धरून राहण्यास काय दक्षता लागत असेल, याची कल्पना ज्यानें एकदां तरी हरवलेली खुंटी शोधली आहे त्यासच येईल.

या अडचणीवर जी.पी.एस. यंत्रानें खरोखरीच उपाय दिला आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचें सरकार नागरी वापरासाठींचे संकेत मुद्दाम बिघडवीत असे. तें बंद झाल्यावरही हातांतील साध्या यंत्राची चूक कांहीं मीटरांची राहतेच, म्हणून आखणीस तें निरुपयोगी. परंतु एक यंत्र ज्ञात बिंदूवर स्थिर ठेवून दुसरें काठीवर फिरवावें व पहिल्याकडून दुसऱ्यास क्षणोक्षणीं दुरुस्ती मिळावी, अशी योजना केली म्हणजे चूक एक-दोन सेंटिमीटरांवर येते. आरेखन संगणकावर ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्यें करावें, कोपऱ्यांचे अंक यंत्रांत भरावे, आणि यंत्र दाखवील तेथें खुंटी ठोकावी. बुजविलेला चर वीस वर्षांनीं पुन्हां सांपडेल. हा लाभ थोडा नव्हे.

आतां आमचा आक्षेप. अक्षांश-रेखांश हे स्वयंसिद्ध नव्हेत. पृथ्वीचा जो आकार व जो आरंभबिंदु मानला असेल, त्यावर ते अवलंबून असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या आकारमानावर आहेत, जी.पी.एस. यंत्र बोलतें तें डब्ल्यू.जी.एस. ८४ या मानांत. तोच अंक एकदां या मानानें व एकदां त्या मानानें मांडला, तर महाराष्ट्रांत दोन जागांमध्यें शंभर मीटरांहून अधिक अंतर पडतें. एवढ्या अंतरांत पांढरीचें टेकाड संपून नदीचें पात्र सुरू होऊं शकतें. २००५ च्या नकाशाविषयक धोरणानंतर नागरी नकाशे नव्या मानावर आले. पण आमच्या संग्रहांतील जुनीं पत्रकें जुन्याच मानाचीं आहेत, व नव्या अंकांची सांगड बहुधा त्यांच्याशींच घालावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर आणतांना माप कोठें तरी आंखडतें, कोठें ताणतें. यू.टी.एम. पद्धतींत मध्यरेखेवर तें मुद्दामच दहा हजारांत चार भागांनीं कमी धरलें आहे. नेवासें हें गांव ७५ अंशांच्या मध्यरेखेस जवळजवळ चिकटून आहे. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकलिया यांनीं तेथें फितीनें जी शंभर मीटरांची ओळ आखली असती, तीच आज संगणकावर शंभर काढून यंत्रानें जमिनीवर उतरविली, तर ती चार सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरेल. यंत्रवाला म्हणेल फीत ताणली; फीतवाला म्हणेल यंत्र बिघडलें. दोघेही खरे, व म्हणूनच वाद मिटावयाचा नाहीं. पुण्याजवळ माप तितकें आंखडत नाहीं, पण जाळ्याची उत्तर व खरी उत्तर यांत सुमारें एक तृतीयांश अंशाचा फरक पडतो. देवालयांच्या दिशेवरून अनुमानें काढणारांनीं तो विसरूं नये. उंचीविषयीं एवढेंच सांगतों कीं, यंत्र दाखवितें ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्याकडे या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक तफावत आहे. एका हंगामाचे थर एका उंचीनें व पुढच्याचे दुसरीनें नोंदले गेले, तर त्यांची तुलना कशी करावयाची?

परंतु आमचें खरें भय यंत्राचें नाहीं, आरेखनाचें आहे. मोडी कागदाची बाळबोध नक्कल करतांना भाषा 'सुधारून' घेणारा कारकून आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची नक्कल वाचावयास सुबक, आणि प्रमाण म्हणून टाकाऊ. संगणकावरील आरेखनाचा ओढा नेमका याच बाजूस असतो. रेषा सरळ व्हावी, कोपरा काटकोनांत यावा, दोन टोकें आपोआप जुळावीं, अशी सोय त्यांत केलेली आहे, कारण तें साधन नवीं घरें बांधणारांसाठीं निपजलें. तीन हजार वर्षांपूर्वीं कुडाच्या भिंती घालणाऱ्या माणसानें काटकोन पाळला नाहीं. तो कां पाळला नाहीं हाच तर प्रश्न. आम्हांस एक नकाशा दाखविण्यांत आला, त्यांत सर्व खोल्या चोख आयताकार होत्या. जागेवरील छायाचित्रांत मात्र एक भिंत उघड उघड वांकलेली दिसत होती. विचारतां, "आरेखनांत नीट करून घेतली" असें उत्तर मिळालें. करणाराचा हेतु वाईट नव्हता. कारकुनाचाही नसतो.

शिवाय, आरेखन ज्या रूपांत सांठविलें जातें तें रूप एका व्यापारी पेढीच्या मालकीचें असतें, व आवृत्ति बदलली कीं जुनें उघडेलच असा भरंवसा नाहीं. अडीचशें वर्षांचा पेशवे दफ्तरांतील रुमाल आजही सोडून वाचतां येतो.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक वृत्तांतांत मापनाचा आधार, यू.टी.एम. असल्यास पट्टा (महाराष्ट्राचा बहुतेक भाग ४३ व्यांत, पण नागपूर ४४ व्यांत पडतें), उंचीचें मूळ आणि स्थिर यंत्राचा बिंदु हीं छापावीं; कोपऱ्यांचे अंक कागदावर परिशिष्टांत द्यावे; नकाशांत उघडी झालेली रेषा व कल्पिलेली रेषा वेगळ्या दाखवाव्या; आणि खोदकाम बुजवितांना निदान दोन कोपऱ्यांवर खूण कोरलेले दगड पुरून, त्यांमधील अंतर फितीनें मोजून त्याच परिशिष्टांत लिहून ठेवावें.