उत्प्रेरकाचे पृष्ठक्षेत्रफळ : एका आकड्याची चिकित्सा

आपल्या महाविद्यालयांतून प्रसिद्ध होणाऱ्या उत्प्रेरकविषयक शोधनिबंधांत एक विधान हमखास आढळते : बीईटी पद्धतीने नमुन्याचे पृष्ठक्षेत्रफळ दर ग्रॅमला अमुक चौरस मीटर आले, त्यामुळे क्रियाशीलता वाढली. या ‘त्यामुळे’ला आधार कोणता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

७७ केल्विन तापमानाला नायट्रोजनचे भौतिक अधिशोषण सक्रिय धातूवर होते, तसेच निष्क्रिय आधारद्रव्यावरही होते. ॲल्युमिनावरील प्लॅटिनमचे म्हणून छापलेले क्षेत्रफळ बहुतांशी ॲल्युमिनाचेच असते. उघडे प्लॅटिनम मोजण्यासाठी हायड्रोजनचे रासायनिक अधिशोषण हवे. तेथेही एका धातु-अणूमागे एक हायड्रोजन अणू हे गृहीतकच होय. टॉस्टर व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले की, टायटॅनियावरील प्लॅटिनमचे ५०० अंश सेल्सिअसला क्षपण केल्यास धातूचे कण न वाढताही हायड्रोजनचे अधिशोषण जवळजवळ थांबते. केवळ उपकरणाच्या आकड्यावर विसंबणारा अभ्यासक येथे निश्चित फसेल.

विशेष म्हणजे, या पद्धतीच्या जनकांनी असा भाबडेपणा केला नव्हता. १९३८ चे समीकरण मांडणाऱ्या ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांपैकी पहिल्या दोघांनी अमोनिया संश्लेषणाच्या लोह उत्प्रेरकाचे एकूण क्षेत्रफळ नायट्रोजनने, उघडे लोह कार्बन मोनॉक्साइडने, तर क्षारीय प्रवर्तकाने व्यापलेला भाग कार्बन डायऑक्साइडने अजमावला. तीन वायू, तीन प्रश्न. आपण त्यांतला एकच उचलला.

परीक्षणासाठी आलेल्या एका निबंधात सूक्ष्मरंध्री झिओलाइटसाठी ०.०५ ते ०.३० हा सापेक्ष दाबाचा रूढ टप्पा वापरला होता. रेषेचा अंतःखंड ऋण आला होता, म्हणजेच ‘सी’ हा स्थिरांकही ऋण. तरीही क्षेत्रफळ दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत दिलेले! संगणकाने रेषा काढली, लेखकाने ती पाहिली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ प्रयोगशाळांना एकाच प्रकारची तयार निरीक्षणे दिली असता क्षेत्रफळांत लक्षणीय तफावत आढळली. तेव्हा दोष सर्वस्वी उपकरणाचा नाही.

आयुपॅकने २०१५ मध्ये सूक्ष्मरंध्रांसाठी ८७ केल्विनला आरगॉन वापरण्याची शिफारस केली आहे. द्रव नायट्रोजनसाठीच धावपळ करणाऱ्या विभागाला ते परवडेलच असे नाही. परंतु निर्वायूकरणाचे तापमान व कालावधी, निवडलेला दाबाचा टप्पा, ‘सी’चे मूल्य आणि संपूर्ण समतापी वक्र छापण्यास खर्च येत नाही. संपादकांनी एवढे तरी मागावे.