उंबरठा तोच, घर कोणते?

शंभर कुटुंबांपैकी तीस गरीब, असे एका पाहणीत दिसले आणि सात वर्षांनी पुन्हा तीसच दिसले, तर ते तीस तेच की निराळे? एकदाच दार ठोठावणाऱ्या पाहणीला हे सांगता येत नाही. त्यासाठी त्याच उंबरठ्यावर परत जावे लागते.

महाराष्ट्रात या फेरपाहणीची परंपरा जुनी आहे. धनंजयराव गाडगीळांची पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी गोखले संस्थेने 1945 व 1952 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. 1956 मध्ये सोवनी, आपटे व पेंडसे यांनी पुन्हा त्याच शहराकडे पाहिले. 1975 पासून इक्रिसॅटने सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोल्यातील कंझरा व किनखेड येथे प्रत्येकी 40 कुटुंबांचा पिच्छा पुरवला. गावातच राहणारे अन्वेषक दर काही आठवड्यांनी जमाखर्च टिपत. दुष्काळात बैल कोणी विकला, कर्ज कोणी काढले, हे त्यामुळे कळले.

भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने हीच रीत देशभर नेली. 2004-05 मधील 41,554 कुटुंबांपैकी सुमारे 83 टक्के कुटुंबे 2011-12 मध्ये पुन्हा भेटली. गळती खेड्यांपेक्षा शहरांत अधिक होती. हे काम मोठेच. पण माझा आक्षेप या गळतीपाशी सुरू होतो.

भिवंडीच्या महानगरपालिकेच्या नावातच निजामपूर आहे. त्या निजामपुऱ्याच्या आसपास यंत्रमागांचा खडखडाट. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार मीटरवर मजुरी घेतो, दिवसपाळी-रातपाळीवाल्यांत वाटलेल्या खोलीत निजतो आणि भिशीत जेवतो. या पाहण्यांची ‘कुटुंबा’ची व्याख्या मात्र एक छप्पर आणि एक चूल यांवर उभी आहे. भिशीची चूल एक, जेवणारे अनेक आणि कोणी कोणाचे नातलग नव्हे. मग या माणसाचे कुटुंब कोणते? गावाकडच्या वहीत तो मनीऑर्डर होऊन उरतो. भिवंडीच्या वहीत तो येतच नाही. मंदीत माग भंगारात गेला, की तो दुसऱ्या गावी जातो. सर्वाधिक बदल सोसणाराच बदल मोजणाऱ्या पाहणीतून निसटतो आणि मागे राहिलेल्या स्थिर घरांवरून आपण शहराचे भविष्य वाचतो.

व्याख्या निरर्थक नाही. ती नसेल तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. गळतीचा हिशेब बसवायला संख्याशास्त्रात भारांकनही आहे. पण भारांकन मुळात नोंदलेल्यालाच वजन देते. न नोंदलेल्याला नाही. म्हणून घराबरोबर माणसाचाही माग ठेवायला हवा: गावच्या कुटुंबातून निघालेल्या कामगारापर्यंत भिवंडीत पोहोचणारी आणि भिशीचीही स्वतंत्र नोंद करणारी पाहणी हवी. ती खर्चिक असेल. पण ती होईपर्यंत आपल्या आकड्यांत कापड दिसेल, विणणारा नाही.