एका इंग्रजी शब्दाची गिरकी

काटोलास एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां त्यांच्या मुलानें केलेलें भाषांतर आमच्या दृष्टीस पडलें. मूळ वाक्यांत पृथ्वीला 'स्पिन' हें इंग्रजी क्रियापद लाविलेलें होतें. मुलानें कोशांतील पहिलाच अर्थ उचलून 'पृथ्वी कातते' असें लिहिलें. मंडळी हंसली. आम्हांस मात्र चूक वाटली तरी ती फुकट गेलेली वाटली नाहीं.

कारण 'स्पिन'चा मूळ अर्थ सूत काढणें हाच. गरगर फिरणें हा अर्थ त्यास मागाहून जडला. 'स्पिन्स्टर' म्हणजे प्रथम सूत कातणारी स्त्री. अविवाहित स्त्री हा अर्थ पुढचा. कापसाच्या या मुलखास हें नातें सांगावयास नको. जवळच नागपुरास १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें ती बंदही पडली.

आमचा आक्षेप आहे तो निराळाच. 'स्पिन' दिसला कीं 'फिरणें' लिहून मोकळे होणारे भाषांतरकार आपल्याच भाषेस दरिद्री करितात. भोवरा गरगरतो, नर्तकी गिरकी घेते, घार घिरट्या घालते, वावटळींत पान भिरभिरतें; या गति एक नव्हेत. पृथ्वीचें स्वतःभोंवतीं फिरणें तें परिवलन, सूर्याभोंवतीं फिरणें तें परिभ्रमण, ही शालेय पुस्तकांतील वाटणी उपयुक्त खरी. पण दोन्ही शब्द इतके सारखे कीं विद्यार्थी हमखास घोटाळतो. उलट क्रिकेटमधील 'फिरकी' पाहा. १९११ सालीं इंग्लंडचें मैदान गाजविणाऱ्या पाळवणकर बाळूंच्या गोलंदाजीस याहून चपखल नांव कोणतें देणार? मात्र वृत्तपत्री 'स्पिन'ला तोच शब्द चालणार नाहीं. 'फिरकी घेणें' ही थट्टा, तर तेथें हेतु वाचकाची दिशाभूल करण्याचा असतो. त्यास 'बातमीला पीळ देणें' म्हणावें. पीळ हा सुताचाच शब्द आहे.

कांहीं ठिकाणीं मात्र परका शब्दच बरा. १९२५ सालीं उलेनबेक व गाउडस्मिट यांनीं इलेक्ट्रॉनला 'स्पिन' असल्याची कल्पना मांडली. परंतु तो कण भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नसतो. तेथें 'गिरकी' म्हटल्यास वाचकापुढें खोटें चित्र उभें राहील.

सारांश, एका शब्दास एकच प्रतिशब्द, हा हट्ट सोडावा आणि प्रत्येक वेळीं काय फिरतें व कसें फिरतें, हें पाहावें. त्या मुलानें तें पाहिलें नाहीं. पण पाहणार तरी कोठें? चाती आणि पेळू घरांतून गेले, व त्यांच्यामागें त्यांचे शब्दही चालले. मुलास हंसणाऱ्या मंडळींपैकीं कितीजणांनीं फिरती चाती डोळ्यांनीं पाहिली होती, हें विचारण्याचा मोह आम्हीं त्या दिवशीं आवरला.