रंगीत नकाशा आणि विहिरीतला कातळ

भूकंप झाल्यावर थोड्याच वेळात संगणकाच्या पडद्यावर एक रंगीत नकाशा उमटतो. जमीन कुठे किती हादरली, हे तो निळ्यापासून गडद तांबड्यापर्यंतच्या छटांनी दाखवतो. हा नकाशा काढणारी ‘शेकमॅप’ ही संगणक प्रणाली डेव्हिड वाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियासाठी विकसित केली. भूकंपाची महत्ता हा एकच आकडा असतो, तीव्रता मात्र गावागणिक बदलते. हा भेद वर्गात समजावून देण्यास याहून चांगले साधन आमच्या पाहण्यात नाही. तरीही या रंगांवर किती विसंबावे, हे तपासायला हवे.

जिथे कंपनमापक यंत्रे असतात तिथले रंग मोजणीतून येतात. मधल्या जागांसाठी महत्ता, भूकंपस्थानापासूनचे अंतर आणि जमिनीचा प्रकार यांवरून प्रणाली अंदाज बांधते. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात धरणातील यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, तेव्हा जवळपास असे एकही यंत्र नव्हते. अशा ठिकाणी नकाशा मुख्यतः अंदाजावर उभा राहतो.

आमचा मुख्य आक्षेप जमिनीच्या प्रकाराविषयी आहे. जिथे प्रत्यक्ष पाहणी झालेली नाही तिथे उतारावरून ठरवले जाते: तीव्र उतार म्हणजे कातळ, सपाटी म्हणजे मऊ गाळ. मऊ गाळात हादरे वाढतात. पनवेलला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. खाडीकाठची सपाट जमीन गाळाची आहे आणि प्रबळगड, कर्नाळ्याचे चढ कातळाचे. पण बोरघाट चढून देशावर गेले की चित्र बदलते. तिथे मैलोगणती सपाटी असली, तरी अनेक ठिकाणी काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर बेसाल्ट लागतो. उतार पाहणारा संगणक या पठारालाही मऊ समजतो. लाव्हाच्या सपाट पठारांवर हा नियम फसतो, हे जाणकारांना ठाऊक आहे.

प्रणाली स्वतःच्या अंदाजातील अनिश्चितताही आकड्यात देते, हा तिचा प्रामाणिकपणा. लोकांपर्यंत मात्र पोहोचतो तो रंगीत नकाशाच. मदत आधी कुठे धाडावी हे ठरवताना असे नकाशे वापरले जातात, म्हणून चुकीचा रंग महागात पडू शकतो.

ही प्रणाली खुली असून तिला मोजलेली माहिती पुरवता येते. प्रत्यक्ष मोजणी तज्ज्ञांनीच करायची. पण कुठे मोजायला हवे, हे शाळा सुचवू शकतात. गावातल्या कोणत्या विहिरीत किती खोलीवर कातळ लागला, हे विहीर खणणाऱ्यांना विचारून विद्यार्थ्यांनी गावाच्या नकाशावर मांडावे. मग शेजारी उतारावरून काढलेला नकाशा ठेवावा. दोन्ही जुळत नसतील, तर विश्वास कशावर ठेवायचा आणि का, यावर एक तास जरूर खर्च करावा.