आकडा जुळला, पण कारण सापडले का?

धातूत मुक्त इलेक्ट्रॉन सर्वत्र सारखे पसरलेले असतात, असे आपण वर्गात सांगतो. काही धातू थंड केले की हा सारखेपणा मोडतो. ठरावीक अंतराने इलेक्ट्रॉनांची दाटी व विरळपणा आळीपाळीने येऊ लागतो आणि अणूही जागेवरून किंचित सरकतात. याला प्रभार-घनता तरंग म्हणतात. पोटॅशियम, रुबिडियम आणि सीझियम यांची व्हॅनेडियम व अँटिमनीबरोबरची संयुगे २०१९ साली प्रसिद्धीस आली. त्यांत हा तरंग अनुक्रमे सुमारे ७८, १०३ व ९४ केल्व्हिनला उपजतो. यांतील व्हॅनेडियमचे अणू ‘कागोमे’ जाळीत, म्हणजे जपानी बांबूच्या टोपलीच्या विणीसारखे, षटकोन आणि त्रिकोण करून बसलेले असतात.

तरंगाचे कारण म्हणून पुष्कळदा एकच स्पष्टीकरण दिले जाते. या धातूतील इलेक्ट्रॉनांच्या संवेगांचा नकाशा काढला तर तो षटकोनी येतो. षटकोनाच्या बाजूंच्या मध्यबिंदूंपाशी इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची गर्दी होते. अशा गर्दीचे गणित लेऑन व्हान होव्ह यांनी १९५३ साली मांडले होते. असे तीन स्वतंत्र मध्यबिंदू आहेत. त्यांना जोडणाऱ्या सदिशांवरून नवा नमुना मूळ जाळीच्या दुप्पट अंतराने यावा, असे निघते. प्रयोगातही जाळीच्या प्रतलात दुप्पटच अंतर दिसते. स्पष्टीकरण सुबक आहे. पण ते पुरेसे आहे काय?

पहिला आक्षेप भूमितीचा आहे. दोन मध्यबिंदूंना जोडणारा सदिश हा षटकोनी सममितीमुळे तिसऱ्या मध्यबिंदूच्याच तोडीचा असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांऐवजी अणूंची कंपने त्या बिंदूशी अस्थिर झाली, तरीही नमुना दुप्पटच येईल. दोन्ही वाटांनी उत्तर तेच येत असेल, तर नुसत्या उत्तरावरून वाट ओळखता येत नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगाचा आहे. स्कँडियम, व्हॅनेडियम आणि कथील यांच्या एका संयुगातही व्हॅनेडियमची कागोमे जाळी आहे. त्यातही सुमारे ९२ केल्व्हिनला तरंग उपजतो, हे २०२२ साली कळले. परंतु तेथे प्रतलातील अंतर दुप्पट होत नाही, ३ च्या वर्गमूळाइतके पट होते. शिवाय सरकतात ते मुख्यत्वे स्कँडियम आणि कथिलाचे अणू, तेही थरांना लंब दिशेने. व्हॅनेडियमची जाळी जवळजवळ जागीच राहते. जाळी तीच आणि तरंग निराळा असेल, तर सारे श्रेय जाळीला देता येणार नाही.

मग सगळे कंपनांवर सोपवावे काय? तेही सरळ नाही. तसे असते तर संक्रमण जवळ येताच त्या कंपनाची वारंवारता घटत जाताना दिसावयास हवी होती. रुबिडियम व सीझियमच्या संयुगांवर २०२१ साली क्ष-किरणांनी केलेल्या मोजणीत ती तशी घटलेली आढळली नाही. मिशेल जोहान्स आणि इगोर माझिन यांनी तर २००८ सालीच दाखवले होते, की केवळ इलेक्ट्रॉनांच्या नकाशातील जुळणीतून असे तरंग क्वचितच उपजतात. इलेक्ट्रॉन आणि कंपने यांचा परस्परसंबंध किती बळकट आहे, हेही पाहावे लागते.

हा वाद केवळ तपशिलाचा नाही. सीझियमचे संयुग सुमारे २.५ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, ते या तरंगित अवस्थेतच. पाया चुकीचा धरला तर त्यावरचे अतिसंवाहकतेचे स्पष्टीकरणही डळमळेल. विद्यार्थ्यांना जुळलेला आकडा जरूर दाखवावा. पण लगेच विचारावे, ‘हाच आकडा दुसऱ्या कोणत्या कारणाने आला असता?’